पारोळ्याची लेखणी आणि पडद्यावरील सिंहगड

धुळ्याहून जळगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर पारोळें हें गांव लागतें. गांवांत खंदकानें वेढलेला एक भुईकोट किल्ला आहे. हरि सदाशिव दामोदर या जहागीरदारानें तो १७२७ सालीं बांधला, आणि १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें त्याची मोडतोड करून जहागीर जप्त केली. त्या उठावाला पुरतीं दहा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं, अशा वेळीं, ८ मार्च १८६४ रोजीं, या गांवीं हरि नारायण आपटे यांचा जन्म झाला. तेव्हां खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले. पुढें तेच अनुक्रमें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि पारोळें जळगांवच्या वांट्यास आलें.

हरिभाऊंचें कर्तृत्व खानदेशाबाहेर घडलें. १८९० सालीं ‘करमणूक’ हें पत्र त्यांनीं पुण्यास काढलें, १९१२ सालीं अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षस्थान भूषविलें, आणि ३ मार्च १९१९ रोजीं पुण्यासच त्यांचा अंत झाला. मराठी सामाजिक कादंबरीला त्यांनीं जें वळण लावलें त्याबद्दल वाङ्मयाचा इतिहास त्यांचें ऋण मान्य करीतच आला आहे. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनीं त्यांच्या ऐतिहासिक कादंबरीला एक असा वारस भेटला कीं, ज्याची कल्पनाहि त्यांनीं केली नसेल. तो वारस म्हणजे चित्रपटाचा पडदा.

इंग्रजी व फ्रेंच वाङ्मयांत तलवारबहाद्दरांच्या साहसकथांचा एक मोठा संप्रदाय आहे. वॉल्टर स्कॉट, अलेक्झांडर ड्यूमा, अँथनी होप, राफाएल सॅबाटिनी यांच्या नायकांनीं प्रथम वाचकांना आणि मागाहून प्रेक्षकांना वेड लावलें. स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’चा मूकपट १९१३ सालींच वेल्समधील चेप्स्टोच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यांत घेतला गेला, ड्यूमाच्या ‘थ्री मस्केटीयर्स’मधील दार्तान्याँ १९२१ सालीं डग्लस फेअरबँक्स या नटाच्या रूपानें पडद्यावर उड्या मारूं लागला. मराठींत या संप्रदायाचें स्थान कोणत्या कादंबरीनें घेतलें, असें विचारल्यास हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचें नांव प्रथम घ्यावें लागेल. १९०३–०४ च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली. १९२३ सालीं तिचा मूकपट झाला आणि १९३३ सालीं बोलपट. घडलेली गोष्ट कागदावर येते, कागदावरून गाण्यांत जाते, गाण्यांतून कादंबरींत आणि कादंबरींतून पडद्यावर. या प्रत्येक मुक्कामावर तिच्यांत कांहीं भर पडते आणि तिच्यांतून कांहीं गळतें. काय पडलें आणि काय गळलें, हें पाहणें नुसत्या जिज्ञासेचें काम नाहीं. कारण बहुजनसमाजाच्या मनांत जो इतिहास घर करून राहतो तो बहुतेक या शेवटच्या मुक्कामावरचा असतो.

प्रथम मूळ प्रसंग पाहूं. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें शिवाजीमहाराजांना २३ किल्ले मोंगलांच्या स्वाधीन करावे लागले. कोंढाणा त्यांपैकींच एक. माघ वद्य नवमीच्या रात्रीं, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजीं, तानाजी मालुसरे यानें तो परत घेतला. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून १६९७ सालीं जिंजीस आपली बखर लिहिली. तींत या प्रसंगाची हकीकत आहे. घटना घडून तेव्हां अवघीं २७ वर्षें झालीं होतीं. सभासदाचें वर्णन आटोपशीर आहे. तानाजी पांचशें मावळ्यांनिशीं गडाखालीं जातो. दोन धाडसी मावळे रात्रीं कडा चढून जातात, त्यांच्या मागून इतर लोक वर पोंचतात. किल्लेदार उदेभान रजपूत सावध होतो. हातघाईची लढाई होते, तींत तानाजी व उदेभान एकमेकांच्या हातून पडतात. तानाजीचा भाऊ सूर्याजी लोकांना सांवरतो, गड सर करतो, आणि गडावरील पागेला आग लावून राजगडास फत्तेची खूण देतो.

या वर्णनांत काय आहे यापेक्षां काय नाहीं हें अधिक लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यांत घोरपड नाहीं, आणि बंदींत पडलेली राजकन्याहि नाहीं. महाराजांच्या तोंडीं सभासदानें जो शोकोद्गार घातला आहे त्याचा आशय एक गड हातीं आला पण दुसरा गेला, असा आहे. म्हणजे तानाजीलाच त्यांनीं गडाची उपमा दिली आहे, सिंहाची नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, उदेभान हा तेथें दुष्ट नाहीं. तो शत्रूचा किल्लेदार आहे, आपल्या धन्याच्या गडासाठीं तो लढतो आणि पडतो. दोघेहि महान् योद्धे होते, हें सभासद एकाच वाक्यांत, एकाच तागडींत तोलून सांगतो. शत्रूच्या शौर्याला मान देण्यानें आपल्या वीराचें शौर्य उणें होत नाहीं, हें त्या जुन्या कारकुनाला ठाऊक होतें.

दुसरा मुक्काम पोवाड्याचा. तुळशीदास शाहिराचा तानाजीवरील पोवाडा गोंधळ्यांच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. एच. ए. ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापून काढला तेव्हां तो सुशिक्षितांच्या हातीं आला. जिजाबाईंनीं सोंगट्यांच्या डावांत कोंढाणा मागणें, रायबाचें लग्न बाजूस सारून तानाजीनें मोहिमेवर निघणें, ऐंशीं वर्षांच्या शेलारमामाचा आवेश, दोर घेऊन कड्यावर चढणारी यशवंती घोरपड, हें सारें वैभव शाहिराचें आहे. शाहिराला रात्रभर श्रोते बसवून ठेवावयाचे असतात. एक रणसंग्राम त्याला पुरत नाहीं. त्याला घर पाहिजे, माता पाहिजे, लग्नाचा मांडव पाहिजे. म्हणून त्यानें राजगडावरचा हुकूम आईच्या हट्टांत आणि सरदाराची चाकरी बापाच्या त्यागांत रूपांतरित केली. ही भर इतकी जिवंत ठरली कीं, आज घोरपडीवांचून सिंहगडाची गोष्ट कोणा मुलाला सांगितली तर तें ती अपुरी म्हणून परत करील.

तिसरा मुक्काम कादंबरीचा, आणि येथें पारोळ्याची लेखणी आपलें काम करते. मराठींत ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या १८७१ सालच्या ‘मोचनगड’नें झाला. हरिभाऊंनीं या क्षेत्रांत पहिलें पाऊल टाकलें तें परक्याच्या आधारानें. त्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही कादंबरी मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या टिपूवरील कादंबरीवर आधारलेली होती. स्कॉट व रेनॉल्ड्स यांचीं पुस्तकें त्या पिढीच्या हातांत सर्रास होतीं, आणि मराठी वाचकांत रेनॉल्ड्सच्या रूपांतरांचा सुळसुळाट झाला होता. ‘करमणूक’ हें नियतकालिक. त्यांतून क्रमशः येणाऱ्या कादंबरीच्या प्रत्येक हप्त्याच्या अखेरीस वाचकाला पुढच्या अंकाची ओढ लागली पाहिजे, हें हरिभाऊ अनुभवानें शिकले होते. साहसकथा तीन खांबांवर उभी असते: एक संकटांत सांपडलेला निरपराध जीव, एक त्याला छळणारा बलाढ्य दुष्ट, आणि संकट कोसळण्याची ठरलेली घटिका. सभासदाच्या हकीकतींत या तिन्हींपैकीं एकहि नाहीं. पोवाड्यांत रायबाच्या लग्नाची घटिका आहे.

हरिभाऊंनीं तिन्ही खांब उभे केले. त्यांनीं कमलकुमारी निर्माण केली. सती जावयास निघालेल्या या रजपूत स्त्रीला उदयभानु बळानें धरून आणतो, कोंढाण्यावर अटकेंत ठेवतो आणि तिच्याशीं जबरीनें विवाह करूं पाहतो. तिची सुटका आणि गडाची सुटका हीं दोन्हीं सूत्रें कादंबरींत एकमेकांत गुंफलेलीं आहेत. ‘आयव्हॅन्हो’मध्यें टेंप्लर सरदार रिबेका या तरुणीला उचलून टॉर्क्विलस्टोनच्या किल्ल्यांत कोंडतो, आणि बाहेरून किल्ल्यावर हल्ला होतो, त्या कथानकाची आणि या कथानकाची जात एक आहे. उदेभानाचा उदयभानु झाला तो केवळ नांवापुरता नव्हे. जो बखरींत प्रतिपक्षाचा वीर होता तो कादंबरींत कामांध खलपुरुष झाला. कादंबरीकाराच्या दृष्टीनें यांत गैर कांहीं नाहीं. कादंबरी ही कादंबरी आहे, तिच्या आवरणावर बखर असें लिहिलेलें नाहीं. किंबहुना परकी सत्ता डोक्यावर असतांना, एका अबलेची सुटका आणि एका गडाची सुटका हीं एकरूप करून दाखविण्यांत जो अर्थ सांठविला होता तो त्या काळच्या वाचकाला टिपणीवांचून समजत होता.

असा प्रकार केवळ महाराष्ट्रांत झाला असें समजण्याचें कारण नाहीं. ज्याच्या साहसांवर ड्यूमानें १८४४ सालीं आपली जगप्रसिद्ध कादंबरी रचली तो दार्तान्याँ हा खराखुरा फ्रेंच शिपाई होता. १६७३ च्या जून महिन्यांत मास्त्रिख्तच्या तटावर हल्ला करतांना तो गोळी लागून पडला. तानाजी आणि दार्तान्याँ हे समकालीन होत. दोघांच्या मृत्यूंत तीन वर्षांचेंच अंतर आहे, आणि दोघेहि तट चढतांनाच्या लढाईंत पडले. दार्तान्याँच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनीं, १७०० सालीं, कुर्तिल नांवाच्या लेखकानें त्याच्या नांवावर एक बनावट आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, आणि ड्यूमानें तेंच समोर ठेवून कादंबरी लिहिली. तेथेंहि साहसकथेला दुष्ट हवा होता, म्हणून रिशल्यू हा फ्रान्सचा कर्तबगार मुत्सद्दी कपटी कारस्थान्याच्या भूमिकेंत उभा करण्यांत आला. फ्रान्सच्या राज्यकारभाराची घडी बसविणारा हा पुरुष जगांतील असंख्य लोकांना आतां तलवारबहाद्दरांचा वैरी म्हणूनच माहीत आहे. कोंढाण्याच्या किल्लेदाराला आणि फ्रान्सच्या कार्डिनलला साहसकथेनें एकाच फळीवर बसविलें.

आतां चौथा मुक्काम, पडदा. कोल्हापुरांत नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटर यांनीं स्वतःच्या हातांनीं कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढें आणला. पौराणिक विषयांवरून ते १९२३ सालीं इतिहासाकडे वळले आणि हरिभाऊंच्या कादंबरीवरून त्यांनीं ‘सिंहगड’ काढला. रात्रीच्या हल्ल्याचा देखावा घेण्यासाठीं त्यांनीं विजेच्या दिव्यांचा उपयोग केला, आणि हिंदी चित्रपटसृष्टींतील हा आरंभीचा प्रयोग म्हणून चित्रपटाचे इतिहासकार त्याची नोंद करतात. रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजीं भरीव देखावे उभारण्याची बाबूरावांची हौस अशा विषयांत फळाला आली. त्याच सालीं मुंबई सरकारनें करमणुकीवर कर बसविणारा कायदा केला. ‘सिंहगडा’पुढें लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला ही बुद्धि झाली, अशी आख्यायिका चित्रपटव्यवसायांत पुष्कळ दिवस चालत आली. पोवाड्याच्या नायकावर निघालेल्या चित्रपटाभोंवतींहि पोवाडा रचला जावा, हें योग्यच म्हणावयाचें.

कादंबरीचा मूकपट होतांना काय गळलें? पहिली गळाली ती लेखकाची वाणी. हरिभाऊंचा कथनकार गोष्ट सांगतां सांगतां मध्येंच थांबतो, पात्रांच्या मनांतील घालमेल उकलून दाखवितो, वाचकाशीं बोलतो. मूकपटांत बोलण्याला जागा चार ओळींच्या पाटीपुरती. कारणें गेलीं आणि कृत्यें राहिलीं. कड्यावर चढणारीं माणसें, तुटणारा दोर, उपसलेली तलवार, भयभीत स्त्रीचा चेहरा, हीं डोळ्यांना शब्दांवांचून कळतात. राजनीति कळत नाहीं. कोंढाणा पुरंदरच्या तहांत कां गेला आणि पुण्याच्या नजरेसमोरचा तो गड मोंगलांच्या हातीं असणें म्हणजे काय, हें पाटीवर लिहून सांगण्यापेक्षां कमलकुमारीचे अश्रु दाखविणें सोपें. साहजिकच कादंबरीकारानें जें सूत्र इतिहासाच्या जोडीला ओवलें होतें तें पडद्यावर मुख्य सूत्र होऊं लागलें. उदयभानूचें काळें मन लांबलचक वर्णनानें नव्हे तर भुंवयांच्या एका हालचालीनें समजूं लागलें. दुष्ट अधिक दुष्ट झाला, कारण मुक्या नटाला मधला रंग दाखविणें कठीण असतें.

उलट पक्षीं, पडद्यानें जें दिलें तेंहि लहान नव्हतें. कादंबरी वाचणारा वर्ग किती थोडा! मूकपटाच्या पेट्या आगगाडीनें गांवोगांव जात. जळगांव व भुसावळ हीं मोठ्या लोहमार्गावरचीं ठाणीं, आणि १९०० सालच्या चाळीसगांव फांट्यानें धुळेंहि त्या मार्गाला जोडलेलें. लहान शहरांतील नाटकगृहांत आणि यात्रेच्या तंबूंत खेळ लागत. पडद्यापुढें पेटी-तबला वाजे, आणि पाटीवरचीं अक्षरें उमटलीं कीं वाचतां येणारा एकजण तीं मोठ्यानें वाची, इतर ऐकत. ज्या घरांत ‘करमणूक’ कधीं आली नाहीं त्या घरांतील स्त्रिया, गडीमाणसें, गिरणीचे कामगार यांना हरिभाऊंची कथा अशा रीतीनें पोंचली. शाहिराचा फड आणि कादंबरीचें पान यांमध्यें जी दरी पडली होती ती चित्रपटानें भरून काढली. सभासदाला जें साधलें नाहीं व हरिभाऊंना जें अर्धवट साधलें तें या बोलूं न शकणाऱ्या यंत्रानें पुरतें साधलें.

या यशामागें परदेशी वाऱ्याचाहि हातभार होता. १९२७–२८ सालीं रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थान सरकारची चित्रपट-समिति नेमली गेली; परदेशी चित्रपटांमध्यें फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’ हा सर्वांत लोकप्रिय ठरल्याचें तिच्या चौकशींत आढळून आलें. महाराष्ट्र फिल्म कंपनींतूनच पुढें आलेला मास्टर विठ्ठल हा नट तलवारीच्या खेळांमुळें ‘हिंदी डग्लस फेअरबँक्स’ म्हणून नांवारूपास आला, आणि १९३१ सालीं ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाचा नायक झाला. कसरत, उडी व तलवारबाजी यांवर चालणाऱ्या चित्रपटांची एक वेगळी पेठच मुंबईंत उभी राहिली.

तथापि कोल्हापूरच्या तलवारींत आणि या कसरतपटांच्या तलवारींत एक भेद होता, आणि तो सरकारच्या नजरेंतून सुटला नाहीं. १९२९ सालीं दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम व सीतारामपंत कुलकर्णी यांनीं प्रभात कंपनी स्थापन केली. पुढच्याच सालीं शांताराम यांनीं तोरणा किल्ल्याच्या विजयावर मूकपट घेतला आणि शिवाजीमहाराजांची भूमिका स्वतः केली. त्याचें नांव ‘स्वराज्याचें तोरण’ असें ठेवलें होतें. तें १९३० साल होतें; देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला होता. अभ्यवेक्षकांनीं हरकत घेतली, कांहीं देखावे कापावे लागले आणि चित्रपट ‘उदयकाल’ या सौम्य नांवानें बाहेर पडला. बगदादच्या चोरानें कितीहि तट ओलांडले तरी मुंबईच्या सरकारला त्याची भीति वाटली नाहीं. पण मावळ्यानें एक गड घेतला कीं त्यांना त्याचें नांवसुद्धां सोसवेना. साहसकथा ही निव्वळ करमणूक आहे, असें म्हणणाऱ्यांना त्या कात्रीनेंच उत्तर दिलें.

१९३३ सालीं प्रभातनें शांताराम यांच्याच दिग्दर्शनाखालीं ‘सिंहगड’ पुनः काढला, आतां बोलपट म्हणून. दहा वर्षांपूर्वीं ज्या कंपनींत पहिला ‘सिंहगड’ तयार झाला तिच्यांतच शांताराम यांनीं चित्रकलेचे धडे गिरविले होते. कादंबरीहि तीच होती. मूकपटानें हिरावलेली वाणी बोलपटानें परत दिली. पात्रें बोलूं लागलीं, गाऊं लागलीं, मावळ्यांची गर्जना कानांवर आली. मात्र मूकपटाच्या दहा वर्षांत लोकांच्या मनांत जें चित्र ठसलें होतें तें बदलण्याचें धाडस कोणी केलें नाहीं. कमलकुमारी राहिली, उदयभानु राहिला. बाबूरावांचा मूक ‘सिंहगड’ आज पाहावयास मिळत नाहीं. पण त्यानें उभें केलेलें चित्र त्याच्यामागें उरलें.

तें किती चिवट ठरलें हें पाहावयाचें असेल तर एकदम १९३३ वरून २०२० सालावर यावें. १० जानेवारी २०२० रोजीं ओम राऊत यांनीं दिग्दर्शित केलेला ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. त्यांत रंग होते, यंत्रानें घडविलेले कडे होते, ‘नागिन’ नांवाची एक नवीच प्रचंड तोफ होती. आणि त्यांत उदयभानानें बळानें आणलेली कमलादेवीहि होती. सुमारें ११७ वर्षांपूर्वीं एका मासिक-साप्ताहिकांच्या युगांतील कादंबरीकारानें आपल्या कथेच्या सोयीसाठीं जन्माला घातलेली ही स्त्री, कादंबरीचें नांवहि न ऐकलेल्या लक्षावधि प्रेक्षकांपुढें इतिहासाच्या वेषांत येऊन उभी राहिली. उदयभानु तर या चित्रपटांत माणूसच उरला नाहीं. तो क्रौर्याचा पुतळा झाला. सभासदाच्या तागडींतील दुसरें पारडें प्रत्येक मुक्कामावर थोडें थोडें हलकें होत गेलें, आणि शेवटीं तें रिकामें झालें.

येथें पारोळ्याहून पुनः धुळ्याकडे वळणें भाग आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें निधन झालें, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंदिर ९ जानेवारी १९२७ रोजीं त्याच शहरांत स्थापन झालें. राजवाडे यांनीं १९०२ सालीं ‘कादंबरी’ याच नांवाचा एक विस्तृत निबंध लिहिला होता. कादंबरीचें सामर्थ्य त्यांना अमान्य नव्हतें. पण १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे खंड काढतांना त्यांनीं हें बजावून सांगितलें कीं, बखरींवरसुद्धां डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. अस्सल पत्र हेंच इतिहासाचें हाड. या दृष्टीनें पाहूं गेल्यास ‘सिंहगड’ या नांवाची लोककथाहि टिकत नाहीं. तानाजी पडल्यामुळें कोंढाण्याचें नांव सिंहगड झालें, अशी सर्वत्र समजूत आहे. परंतु १६६३ सालच्या शिवाजीमहाराजांच्या पत्रांत त्या गडाचा उल्लेख ‘सिंहगड’ असाच आलेला आहे. म्हणजे सिंह जाण्याच्या सात वर्षें आधींच गड सिंहाच्या नांवाचा होता.

साहसकथेच्या प्रकाशांत एक गड उजळला, त्याच वेळीं इतर गड अंधारांत राहिले, हेंहि खानदेशाच्या वाचकानें विसरूं नये. साल्हेर किल्ला ज्या बागलाणांत आहे तो मुलूख १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यांतच होता. तेथें १६७२ सालीं मोंगलांशीं उघड्या मैदानावर मोठी लढाई झाली, आणि सूर्यराव काकडे हा वीर तींत पडला. सभासदानें त्याला भारतांतील कर्णाची उपमा दिली आहे. तापीच्या कांठीं थाळनेरच्या किल्ल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं हिस्लॉप या इंग्रज सेनापतीनें हल्ला केला. गड पडल्यावर तुळशीराम या किल्लेदाराला फांशीं देण्यांत आलें आणि आंतील शिबंदीची कत्तल झाली. सूर्यरावाचें किंवा तुळशीरामाचें शौर्य तानाजीच्या शौर्याहून उणें नव्हतें. त्यांना शाहीर भेटला नाहीं, हरिभाऊ भेटले नाहींत, बाबूराव भेटले नाहींत. कीर्ति ही केवळ पराक्रमाच्या मापानें वांटली जात नाहीं, ती सांगणाऱ्याच्या मापानें वांटली जाते.

मग कमलकुमारीला हद्दपार करावें काय? तसें करणें म्हणजे घोरपडीलाहि आणि सोंगट्यांच्या डावालाहि हद्दपार करणें होय, आणि तसें झाल्यास मराठी घरांतील संध्याकाळ फार ओकीबोकी होईल. कादंबरीकाराला कल्पनेचा अधिकार आहे, दिग्दर्शकालाहि आहे. प्रश्न अधिकाराचा नसून ओळखीचा आहे. कोणतें दागिनें कोणाच्या घरचें, हें जाणत्या घरांत ठाऊक असतें. तें ठाऊक असलें म्हणजे उसनें दागिनें अंगावर घालण्यांत लाज नसते. घोरपड शाहिराची, कमलकुमारी हरिभाऊंची, रात्रीचा उजेड बाबूरावांचा, आवाज प्रभातचा, आणि तोफ आजच्या यंत्रयुगाची. हें सारें उतरवून ठेवल्यावर सभासदाचें जें उरतें तें असें: काळोखी रात्र, पांचशें माणसें, एक उभा कडा, आणि दोन शूर पुरुष. त्या पांचशें मावळ्यांना कडा चढावयाला कोणा राजकन्येच्या संकटाची गरज लागली नव्हती. गड आपला आहे आणि तो परत घ्यावयाचा आहे, एवढें कारण त्यांना पुरेसें झालें. त्यांच्या त्या साध्या कारणाला झांकून टाकणारा कोणताहि देखावा, तो कितीहि भव्य असो, त्यांच्यावर थोडा अन्यायच करतो. आणि त्यांच्याशीं शेवटच्या श्वासापर्यंत लढलेल्या किल्लेदाराला राक्षस बनविणारा देखावा त्यांच्या विजयाचें मोल कमी करतो, कारण राक्षसाला मारण्यापेक्षां वीराला जिंकणें अवघड असतें.

पारोळें आणि धुळें यांच्यामध्यें अंतर थोडें आहे. एका गांवानें महाराष्ट्राला गडाची गोष्ट सांगणारा दिला; दुसऱ्यानें ती गोष्ट कागदाशीं ताडून पाहणाऱ्याचा वारसा जपला. पडद्यावर पुढचा सिंहगड केव्हां तरी पुनः उभा राहीलच. त्या वेळीं नव्या पिढीच्या दिग्दर्शकानें पारोळ्याच्या कादंबरीबरोबर सभासदाचीं तीं चार ओळींचीं पानेंहि एकदां उघडलीं, आणि दुसरें पारडें पुनः भरलें, तर तानाजी त्यामुळें लहान होणार नाहीं. उलट, तो किती मोठा होता हें तेव्हांच प्रेक्षकांना नीट दिसेल.